कर्ज मागणाऱ्याच्या हाती आधी वही द्या

२०१७ सालची गोष्ट आहे. आमच्याकडून सूत नेऊन मजुरीवर कापड विणून देणारा एक कारागीर भर दुपारी पेढीवर आला. मूळचा उत्तर प्रदेशचा. भिवंडीत येऊन त्याला पंधरा वर्षे झाली होती. आधी दुसऱ्याच्या कारखान्यात माग चालवले, मग पोटाला चिमटा काढून भाड्याच्या गाळ्यात स्वतःचे चार जुने माग बसवले. आणखी दोन घ्यायचे म्हणून तो बँकेत गेला होता. बँकेने दोन वर्षांचा हिशेब मागितला. तो आम्हाला म्हणाला, "शेठ, दोन वर्षे मी तुमचेच कापड विणतोय. किती विणले आणि किती मजुरी मिळाली, एवढेच लिहून द्या."

आम्ही मुनीमजींकडे पाहिले आणि मुनीमजींनी आमच्याकडे. त्याच्या नावाचे खाते आमच्या वहीत नव्हते. सूत दिल्याची चिठ्ठी लिहायची, कापड आले की ती फाडून टाकायची, मजुरी रोख द्यायची, हा आमच्या पेढीचा जुना शिरस्ता. त्यात आमचीही सोय होती, हे कबूल केले पाहिजे. दोन वर्षांत त्या माणसाने आम्हाला एका ताग्याचाही दगा दिला नव्हता. पण त्या इमानदारीचा एका ओळीचाही पुरावा आमच्याकडे नव्हता.

बँकेने त्याला परत पाठवले. त्याने बाजारातून दरमहा पाच टक्क्यांनी एक लाख उचलले. म्हणजे महिन्याला पाच हजार रुपये नुसते व्याज. मुद्दल जागच्या जागी. मंदी आली तेव्हा सहाही माग भंगारात किलोवर गेले आणि तो पुन्हा दुसऱ्याच्या कारखान्यात पाळी भरू लागला. त्याचे माग मंदीने विकले की आमच्या न लिहिलेल्या वहीने, हा प्रश्न आम्हाला अजून सोडत नाही.

परमुलखातून आलेल्या छोट्या कारागिराला कर्ज मिळावे, अशी मागणी आपल्या सभांतून नेहमी होते. मागणी रास्त आहे. पण कर्जाच्या आधी आणखी एक गोष्ट लागते, आणि ती आपण त्याला देत नाही. तिचे नाव हिशेब. आज त्याबद्दलच चार शब्द लिहायचे आहेत.

एकटा येणारा आणि जमातीने येणारा

आमच्या गावापासून उल्हासनगर काही लांब नाही. फाळणीनंतर सिंधमधून निघालेली हजारो कुटुंबे कल्याणच्या लष्करी छावणीतील बराकींत येऊन राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. सरकारने १९४८ साली कायदा करून निर्वासितांच्या धंद्यांना कर्ज देण्यासाठी 'रिहॅबिलिटेशन फायनान्स अ‍ॅडमिनिस्ट्रेशन' ही संस्थाही काढली होती. आज कापडाच्या व्यापारात उल्हासनगरचे स्थान काय आहे, ते आमच्या वाचकांना सांगायला नको.

या यशाचे कारण नुसते सरकारी कर्ज नव्हते, असे आम्हाला वाटते. सिंधी निर्वासित घरदार सोडून आले, पण ते जमातीने आले. घाऊक व्यापारी आला, त्याच्या मागे किरकोळ दुकानदार आला, फेरीवालाही आला. कोण कोणाचा मुलगा, कोणाची जबान कशी, हे सगळ्यांना ठाऊक होते. ओळख हीच त्यांची पत होती. १८५७ नंतरच्या दशकांत उत्तरेकडून मालेगाव आणि भिवंडीला आलेल्या आमच्या विणकर बिरादरीचेही तसेच झाले. मोहल्लाच्या मोहल्ला आला आणि आपली पत बरोबर घेऊन आला.

आजचा कारागीर तसा येत नाही. तो एकटा येतो. गाळ्यात किंवा खोलीत आठ-दहा जणांबरोबर राहतो, भिसीत जेवतो, ईदला गावी जातो. गावात त्याच्या बापाला लोक ओळखतात, पण ती ओळख इथे चालत नाही. इथे त्याने दहा वर्षे इमानाने काम केले तरी ते त्याच्या मालकाला आणि शेजाऱ्याला ठाऊक असते, बँकेला ठाऊक नसते. मालक बदलला की तेही पुसले जाते. त्याची पत रोज तयार होते आणि रोज वाया जाते.

हे दुखणे केवळ भिवंडीचे नाही. जगात जिथे जिथे माणूस देश सोडून गेला, तिथे तिथे ते आहे. कोठे कोठे त्यावर इलाजही झाला. अशा दोन ठिकाणांची हकीकत आमच्या वाचकांच्या कामाची आहे.

सोमाली दुकानदारांची अडचण

१९९१ साली सोमालियाचे सरकार कोसळले आणि यादवी पेटली. लाखो लोक केनियाच्या छावण्यांत गेले. त्यांतील कित्येकांना पुढे अमेरिकेने आश्रय दिला. त्यांची तेथील सर्वांत मोठी वस्ती मिनेसोटा या थंड राज्यात, मुख्यतः मिनियापोलिस शहरात झाली. पहिल्या पिढीने मांसाच्या कारखान्यांत काम केले, टॅक्सी चालवली, आणि पैसे जमताच दुकाने काढली. कापड, अत्तर, शिवणकाम, चहा-नाश्ता, गावी पैसे पाठवण्याची पेढी. कार्मेल मॉल नावाच्या तेथील बाजारात अशी शंभराहून अधिक छोटी दुकाने एका छपराखाली उभी राहिली.

या दुकानदारांसमोर दोन अडचणी होत्या. पहिली, अमेरिकेत पत मोजतात ती जुन्या कर्जफेडीच्या नोंदीवरून. ज्याने तेथे कधी कर्जच घेतले नाही, त्याची नोंद कोरी. मोगादिशूत त्याची मोठी पेढी असली तरी मिनियापोलिसच्या बँकेला त्याचे काय? दुसरी अडचण व्याजाची. बऱ्याच जणांना व्याजाचे कर्ज घ्यायचेच नव्हते.

त्या शहरात हुसेन समतार नावाचे एक गृहस्थ होते. ते स्वतः सोमालियातून निर्वासित म्हणून आलेले आणि तेथील बँकेत नोकरी केलेले. बँक कसा विचार करते हे त्यांना ठाऊक होते, आणि आपला दुकानदार कसा विचार करतो हेही. त्यांनी 'आफ्रिकन डेव्हलपमेंट सेंटर' ही संस्था काढली. संस्थेने शहराच्या नगरपालिकेला बरोबर घेऊन छोट्या धंद्यांना मुराबहाच्या धर्तीवर भांडवल दिले. आपल्या हिशेबात ते असे समजावे : दर्जीला वीस हजारांचे शिलाई मशीन हवे आहे. संस्था त्याला रोख पैसे देत नाही. ती स्वतः मशीन विकत घेते आणि आपला नफा आधीच सांगून बावीस हजारांना त्याला विकते. दहा महिन्यांचे दहा हप्ते, प्रत्येकी बावीसशे. किंमत पहिल्या दिवशी ठरली ती ठरली. हप्ता लांबला म्हणून रक्कम फुगत नाही.

पण आम्हाला त्याहून मोलाची वाटली ती दुसरी गोष्ट. संस्था नुसते भांडवल देऊन थांबली नाही. धंद्याचा आराखडा कसा करावा, खर्च कसा लिहावा, भाडेकरार सहीपूर्वी कसा वाचावा, याचे शिक्षण तिने भांडवलाच्या जोडीला ठेवले. सोमाली भाषेला अधिकृत लिपी मिळाली ती १९७२ साली. युद्धाने कित्येकांची शाळा अर्धवट सुटलेली. अशा माणसाला इंग्रजी फॉर्म हातात देऊन 'भरून आणा' म्हणणे म्हणजे त्याला दारातून परत पाठवणेच होय. त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलणारा माणूस तेथे होता, हे निम्मे काम झाले.

समतार २०१३ साली वारले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने निर्वासितांना घेणे जवळपास थांबवले आणि तेथील वातावरणही बदलले. पण भरलेल्या हप्त्यांची नोंद आणि शिकलेला हिशेब वातावरणाबरोबर पुसला जात नाही.

आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले. तरुणपणी बँकेचा फॉर्म पहिल्यांदा हातात आला तेव्हा त्यातील निम्मे रकाने आम्हाला कळले नव्हते, आणि विचारायची लाज वाटली होती. हिशेब आम्हाला येत होता. फॉर्मची भाषा येत नव्हती. म्हणून सोमाली दुकानदाराची अडचण आम्हाला परकी वाटत नाही.

भिशी जेव्हा कागदावर आली

दुसरी हकीकत सॅन फ्रान्सिस्कोची. तेथील मिशन भागात मेक्सिको आणि आसपासच्या देशांतून आलेल्या मजुरांची वस्ती आहे. जीन्सचे कापड विकणाऱ्या प्रत्येकाला लिव्हाय स्ट्रॉस हे नाव माहीत असते. त्या कंपनीचा मिशन भागातील शिलाई कारखाना २००२ साली बंद झाला. कंपनीने त्या वस्तीसाठी दहा लाख डॉलर दिले, आणि त्यातून २००७ साली 'मिशन असेट फंड' ही संस्था उभी राहिली. तिचे प्रमुख होसे किन्योनेस यांनी पाहिले की या लोकांना बँक उभी करत नाही, पण हे लोक आपापसांत एक व्यवहार चोख करतात. दहा जण दरमहा ठरलेली रक्कम काढतात आणि पाळीपाळीने एकेकाला सगळी देतात. ते त्याला 'तांदा' म्हणतात, सोमाली लोक 'हगबाद' म्हणतात, आणि आपण म्हणतो भिशी.

भिशीत कोणी पळून जात नाही, कारण तोंड दाखवायचे असते. मग ही इमानदारी बँकेला का दिसू नये? संस्थेने एवढेच केले की भिशी कागदावर आणली. प्रत्येक सभासदाने करारावर सही करायची, पैशाच्या व्यवहाराचा एक छोटा पाठ पुरा करायचा, आणि हप्ता बँकेतून भरायचा. भरलेल्या प्रत्येक हप्त्याची नोंद संस्था पत मोजणाऱ्या कंपन्यांकडे पाठवू लागली. रक्कम लहानच, दोन-अडीच हजार डॉलरपर्यंत. व्याज शून्य. पण ज्याची पाटी कोरी होती त्याच्या नावावर नियमित फेडीची नोंद चढली. २०१४ साली कॅलिफोर्निया राज्याने अशा बिनव्याजी छोट्या कर्जांना मान्यता देणारा कायदाही केला.

आमच्या बाजारात किती भिशा चालतात, ते वाचकांनी स्वतःच मोजावे. लाखोंची उलाढाल होते. पण सभासदाच्या हातात वर्षाअखेर काय राहते? एक खाल्लेली बिर्याणी आणि कोठे तरी पेन्सिलने लिहिलेली नावे. वीस वर्षे एकही हप्ता न चुकवणारा माणूस बँकेच्या दारात गेला की तो पुन्हा अनोळखी.

शिकवायचे ते काय?

'ट्रेनिंग' म्हटले की आपले लोक हसतात. धंदा काय वर्गात शिकवतात? धंदा बाजारातच शिकावा लागतो, हे खरे. पण बाजार काही गोष्टी शिकवत नाही. उलट त्या लपवतो. एक उदाहरण घेऊ.

हातगाडीवाल्यांना आणि छोट्या कारागिरांना 'डेली'वर पैसे देणारे लोक प्रत्येक बाजारात आहेत. दहा हजारांचे कर्ज. हजार आधीच कापून नऊ हजार हातात. मग रोज शंभर रुपये, शंभर दिवस. घेणारा म्हणतो, हजारच तर जातात, शेकडा दहा. पण नऊ हजार पूर्ण शंभर दिवस त्याच्याकडे कोठे राहतात? रोज शंभर परत जातात. सरासरी काढली तर त्याच्या वापरात साडेचार हजारांच्या आसपासच पैसे राहिले, तेही शंभर दिवस. त्यावर हजार गेले. वर्षाच्या हिशेबाने हे व्याज शेकडा ऐंशीच्या घरात जाते. हे गणित ज्याला पाटीवर एकदा मांडून दाखवले, तो दुसऱ्या वेळी डेलीवाल्याकडे जाण्यापूर्वी थांबेल. हेच ट्रेनिंग.

दुसरे, घरचा गल्ला आणि धंद्याचा गल्ला वेगळा ठेवणे. तिसरे, स्वतःची आणि घरातील बायकांची मजुरी खर्चात धरणे. घरी कापडाला गाठी मारणारी, काज-बटण करणारी बाई फुकट धरली की माल स्वस्त पडल्यासारखा वाटतो. खरे तर तोटा घरात मुरतो. चौथे, उधारी कोणाला किती आणि किती दिवसांची, हे तारखेसह लिहिणे. ही चार कामे ज्याला आली, त्याच्या हाती दिलेले दहा हजारही टिकतात. ज्याला नाही आली, त्याचे दहा लाखही जातात.

कर्ज आधी आणि हिशेब नंतर, असे केले तर काय होते, ते आंध्र प्रदेशाने २०१० साली पाहिले. छोटी कर्जे देणाऱ्या कंपन्यांनी एकाच घरात तीन-तीन, चार-चार कर्जे उतरवली. एकाचा हप्ता भरायला दुसऱ्याचे कर्ज. वसुलीचा जाच इतका वाढला की सरकारला वटहुकूम काढावा लागला. २०२२ साली रिझर्व्ह बँकेने नियम केला की अशा घरावर सर्व कर्जांच्या हप्त्यांचा बोजा मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक असू नये. नियम चांगला आहे. पण ज्या घराने उत्पन्न कधी लिहिलेच नाही, त्याचे निम्मे कोण काढणार?

दोन आक्षेप

आमचे काही व्यापारी बंधू म्हणतील, लिहिले की सरकार मागे लागते. आम्ही उलट विचारतो : न लिहिल्याने कोण वाचला? मोठा व्यापारी आपला हिशेब सनदी लेखापालाकडून करून घेतो. न लिहिण्याचा मार बसतो तो खालच्या कारागिराला. आमची सोय होते आणि त्याची किंमत तो भरतो. हा सौदा इन्साफाचा नाही.

दुसरे बंधू म्हणतील, आपसात विश्वास असताना लिहायचे कशाला? त्यांना आम्ही नम्रपणे आठवण देऊ की कुरआन शरीफातील सर्वांत लांब आयत सूरह बकरामधील आहे, आणि ती नमाज-रोजाबद्दल नसून देण्या-घेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल व साक्षीदार ठेवण्याबद्दल आहे. विश्वास आहे म्हणून लिहू नये असे नाही. विश्वास टिकावा म्हणून लिहावे. आणि जकात काढणारा प्रत्येक व्यापारी वर्षातून एकदा माल मोजतोच, येणे-देणे मांडतोच. जो वर्षातून एकदा करता येतो, तो हिशेब आठवड्यातून एकदा का येऊ नये?

आपल्या हातातले काम

सरकारी योजना नाहीत असे नाही. फेरीवाल्यांसाठी जून २०२० मध्ये 'पीएम स्वनिधी' आली. पहिले कर्ज दहा हजार, ते वेळेवर फेडले की वीस हजार, मग पन्नास हजार. २०२५ साली पहिल्या दोन पायऱ्या पंधरा आणि पंचवीस हजार केल्या. पायरीची ही रीत योग्य आहे. लहान फेड मोठ्या कर्जाची जामीन होते. ज्यांचा जीएसटी नंबर नाही अशा लहान उद्योगांची नोंद व्हावी म्हणून २०२३ च्या जानेवारीत 'उद्यम असिस्ट'ची सोय झाली. यातील व्याजाचा प्रश्न ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारून सोडवावा. पण कोणत्याही दारात जा, नोंद लागतेच. कर्जे हसना देणाऱ्या सोसायटीलाही विचारावेच लागते की फेडणार कशातून.

म्हणून आमचे म्हणणे मोठ्या योजनांचे नाही. चार साधी कामे आहेत, आणि ती आपल्या हातातली आहेत.

पहिले, मजुरीवर काम करणाऱ्या प्रत्येक कारागिराला पावती द्या. किती सूत गेले, किती कापड आले, किती मजुरी दिली, तारखेसह. शक्य तेथे मजुरी त्याच्या बँक खात्यात भरा. दुसरे, भिशी रजिस्टरवर आणा. प्रत्येक सभासदाकडे स्वतःची वही असू द्या आणि हप्त्यावर चालवणाऱ्याची सही. तिसरे, बाजार कमिट्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ हिशेबाचा वर्ग चालवावा. उर्दूत, हिंदीत, तेलुगूत, जो कारागीर जी भाषा बोलतो तिच्यात. शिकवायला बाहेरून साहेब नको. आपलेच वाणिज्य शाखेचे पोरगे पुरे. चौथे, ज्या सोसायट्या आणि बैतुलमाल कर्ज देतात, त्यांनी सहा महिन्यांची वही पाहून पहिले लहान कर्ज द्यावे, आणि शक्यतो रोख न देता वस्तूच्या रूपाने द्यावे : मशीन, मोटार, सुताची गोणी.

यात कोणाचा मोठा पैसा लागत नाही. लागते ती थोडी तसदी, आणि आपल्या सोयीवर थोडे पाणी सोडण्याची तयारी.

त्या कारागिराच्या प्रसंगानंतर आमच्या पेढीवर आम्ही एक बदल केला. प्रत्येक मजुरीवाल्याच्या नावाची एक लाल वही. एक प्रत आमच्याकडे, एक त्याच्याकडे. सुरुवातीला मुनीमजी कुरकुरले, कारागीरही हसले. मग एकाने ती वही बँकेत नेली आणि कर्ज मंजूर करून आणले. रक्कम फार नव्हती, पण दुसऱ्या आठवड्यात तिघे जण आपापली वही पुरी लिहून घ्यायला आले.

सहा माग भंगारात घातलेला तो कारागीर अजून याच गावात आहे. कधी रस्त्यात भेटतो, सलाम करतो, घरच्यांची खुशाली विचारतो. त्याने आम्हाला कधी बोल लावला नाही. पण त्या दोन वर्षांच्या कापडाचा हिशेब आम्ही त्याचे देणे लागतो, आणि तो आता लिहिता येत नाही. ज्यांचा लिहिता येतो, त्यांचा तरी आजपासून लिहू या.